उरलंसुरलं, तीनशे बारा जीबी

मासे धुवून हात पुसत नोरिंग बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध एक चौकट येऊन बसली होती. हे फोल्डर फार मोठं आहे, कचरापेटीत मावणार नाही, कायमचं काढून टाकायचं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही, आणि माउसचा बाण नेमका 'हो'च्या डोक्यावर. रियालिन, तिची मुलगी, फाटकापाशी गेली होती. पाण्याचे कॅन आले होते आणि मागच्या खेपेच्या पाण्याला शेवाळाचा वास होता म्हणून पाणीवाल्याला ती फैलावर घेत होती. नोरिंगच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तरी फोल्डरचं नाव तिला लख्ख दिसलं, कारण ते तिनं स्वतःच ठेवलं होतं. उरलंसुरलं. खुर्चीत बसायचंही सुचलं नाही. उभ्याउभ्याच, माशाचा वास येणाऱ्या ओल्या बोटानं तिनं 'नाही' दाबलं. चौकट गेली. तरी तिनं त्याच जागी आणखी दोनदा दाबलं आणि मग खुर्ची ओढून त्यात अशी बसली, की आता हिला उठवायचं तर चार माणसं लागली असती.

"नानाय! हात लावू नकोस म्हटलं होतं ना?" रियालिन कॅन कडेवर घेऊन दारातच ओरडली.

"माझ्या कॉम्प्युटरला मी हात लावायचा नाही?"

"अगं, सोमवारी कंपनीवाले तपासणार आहेत. अडीचशे जीबी रिकामी दिसली पाहिजे, तर त्यांचं काम या मशीनवर चालणार. नाहीतर गेली नोकरी. किती वेळा सांगू तुला?"

"मग दुसरं काहीतरी काढ."

"दुसरं काय काढू? नाव तूच ठेवलंयस ना उरलंसुरलं? तीनशे बारा जीबी खरकटं सांभाळत बसलीयस तू, नानाय. खरकटं!"

"तुझ्या तोंडाला काही..." नोरिंगनं वाक्य अर्ध्यावर गिळलं. "मासे तळ जा, इंदाय पोरी. मीठ लावून ठेवलेत. मी इथून उठत नाही."

रियालिननं कॅन आदळला. स्वयंपाकघरात तेल चुरचुरू लागलं, भांडी मुद्दाम आपटली जाऊ लागली, आणि नोरिंग बसून राहिली. पोरीचं चुकत होतं का? नव्हतं. आठ महिने ती घरी होती. कॉल सेंटरमधली रात्रपाळी करून करून पित्त वर आलं, मग नोकरी सोडली, आणि आता कुठे हे घरबसल्याचं काम मिळालं होतं, दिवसाचं, सिडनीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या वेळा लावून द्यायचं. बाहेरून जोडायची हार्ड डिस्कची डबी घेऊन त्यात भर, असं तिनं आधी सांगून पाहिलं होतं. नोरिंगनं साफ नाकारलं. तशी एक काळी डबी घरात होती की. पूर आला तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत चढलं, खालच्या खणातली डबी चिखलानं भरली आणि तिच्यातली ऐंशी लग्नं एका दुपारी गेली. कॉम्प्युटर तेवढा उंच टेबलावर होता म्हणून वाचला. तेव्हापासून नोरिंगचा डब्यांवर विश्वास नव्हता. जे ठेवायचं ते डोळ्यांसमोर, उंचावर, रोज चालू होणाऱ्या मशीनमध्ये. तीन मशीनं बदलली, पण प्रत्येक वेळी सगळ्यात आधी तिनं हेच फोल्डर नव्या मशीनवर नेलं, घरातला देव आधी हलवावा तसं.

बावीस वर्षं तिनं हा धंदा केला, लग्नाच्या आणि मयताच्या फिल्मा बनवायचा. बर्तो कॅमेरा धरायचा आणि ती कापायची. या इलोइलो शहरात ज्या घरातलं कुणीच बाहेर नाही असं घर दाखवा. कुणी जहाजावर, कुणी दुबईत मोलकरीण, कुणी टोरांटोत नर्स. आणि बाप मेला म्हणून बोटीवरून उतरता येत नाही, बहिणीचं लग्न म्हणून वॉर्ड सोडता येत नाही. मग त्यांनी बघायचं कशात? नोरिंगच्या फिल्ममध्ये. त्यामुळे लग्नापेक्षाही मयताची कामं जास्त. शवपेटीभोवती सगळं खानदान उभं करून काढलेला फोटो, नऊ दिवसांच्या प्रार्थना, बिस्किटं, कॉफी, शेवटी स्मशानाची वाट, वर गाणं. बर्तो भला माणूस, पण त्याला अक्कल कमी. समोर येईल ते तो टिपायचा. आणि मग गिऱ्हाईक यायचं, खुर्ची ओढायचं, आवाज खाली आणायचं आणि म्हणायचं, "नोरिंग, तेवढं हिला काढून टाक हं."

हिला काढ, त्याला काढ. आईच्या मयताला कानात डूल आणि अंगात झगा घालून आलेला भाऊ काढ. बहीण म्हणाली, तो आलाच नाही असं दाखव, तिकडे कुवेतमध्ये माझ्या सासरचे बघतील. नवरीची मावशी काढ, ती पिऊन पडली. चर्चमध्ये मागच्या खांबाला टेकून उभी असलेली, निळ्या कपड्यातली पोरगी काढ, ती कोण हे विचारू नकोस. एका म्हातारीला नवऱ्याच्या पेटीपाशी हसू फुटलं होतं, खदाखदा, दोन मिनिटं आवरेना. तिच्या मुलांनी ते काढायला लावलं, आणि नोरिंगनं काढलं. धंदाच होता तो. पण काढलेलं तिनं कधी टाकलं नाही. आधी आधी ही नुसती काटकसर होती. आई माशांची डोकी टाकत नसे, आमटीला ठेवी, तशी. पुढे मात्र तिचा हट्ट झाला. या बाईला माझ्या हातानं लग्नातून हाकललं ना, मग जाऊ दे कुठे ती? राहू दे इथं. तुकडा कापायचा, नंबर टाकायचा, फोल्डरमध्ये सोडायचा. कधीमधी काम नसलं की ती एखादा नंबर उघडून बघायची. झग्यातला भाऊ आईच्या पेटीवर कपाळ टेकायचा. म्हातारी हसायची. निळ्या कपड्यातली कॅमेऱ्याकडे बघून घाईनं मान वळवायची. नोरिंगला वाटे, त्या अख्ख्या फिल्ममध्ये खरं रडणारी ही एकटीच होती.

आणि नंबर दोनशे बारा.

तो नंबर तिनं अठरा वर्षांत एकदाही उघडला नव्हता. उघडायची गरज नव्हती. सत्तेचाळीस सेकंद होते ते, आणि त्यातला प्रत्येक सेकंद तिला तोंडपाठ होता.

आर्तेमियो सोब्रेवेगाचा बर्फाचा कारखाना होता नदीकाठी. नोरिंगची आई गोड बर्फाच्या गोळ्यांची गाडी लावायची आणि सकाळी लादी आणायला नोरिंग जायची, गोणपाट घेऊन. त्याचे तळवे थंडगार असत. भर उन्हात त्यानं मनगट धरलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, आणि पुढे दहा वर्षं तो येतच राहिला, दर गुरुवारी, जेवायच्या वेळेला. त्याला बायको होती, चार मुलं होती. इथं लागलेलं लग्न सुटत नाही ते नाहीच. घरं मात्र दोन असू शकतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं आणि कुणी चकार शब्द काढत नाही. नोरिंगला त्याची लाज वाटली का? वाटली. पहिली दोन वर्षं वाटली, मग कंटाळा आला लाजेचा. ती कुणाचं चोरून खात नव्हती. दिवसभर कापत होती, आपल्या पैशाचा तांदूळ आणत होती, आणि गुरुवारी त्याच्यासाठी पपई घालून कोंबडी शिजवत होती. मुलगी झाली तेव्हा तो दवाखान्यात आला, पोरीच्या तळपायाला थंड बोट लावून तिला रडवलं आणि हसत गेला. जन्माच्या कागदावर बाप म्हणून सही मात्र केली नाही. पुढच्या महिन्यात करतो म्हणाला. पुढचा महिना नऊ वर्षं पुढेच राहिला.

इथं पोरांच्या नावात मधे आईचं आडनाव येतं आणि शेवटी बापाचं. सगळ्यांचं तसं. रियालिनच्या नावात आईचं गालेगो शेवटी जाऊन बसलं आणि मधली जागा मोकळी राहिली. शाळेत बाईंनी तिथं रेघ मारली. दवाखान्यात, बँकेत, प्रत्येक खिडकीतून तोच प्रश्न, मधलं नाव? आणि पोर खालच्या आवाजात सांगायची, नाही. खिडकीतली बाई मग एकदा मान वर करून बघायची, आणि ते बघणं नोरिंगला आजही गालावर जाणवायचं. बाप कुठे असं विचारलं तर पोरीला पढवलं होतं, जहाजावर आहे. या गावात हे खोटं कुणालाही पचतं. निम्म्या वर्गाचे बाप जहाजावर होते.

तो गेला मे महिन्यात, कारखान्यातच, छातीत कळ येऊन. नोरिंगला कळलं ते बर्तोकडून, कारण मयताचं काम बर्तोला मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, जेवून घर सुस्तावतं आणि मोठी बाई, म्हणजे त्याची बायको, खोलीत पडायला जाते त्या वेळी, ती पोरीला घेऊन गेली. शेजारणीच्या मुलीचे पांढरे बूट मागून आणले होते, एक नंबर मोठे. पोर्चमध्ये दोघं पत्ते खेळत होते; त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पत्त्यांत डोकं घातलं. पेटीच्या काचेखाली तो होता, पावडर लावलेला, ओठ शिवल्यासारखे. रियालिन टाचा उंच करून वाकली. "हे बर्फवाले काका ना?" नोरिंग म्हणाली, "हो." आणि मग पोरीनं काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "थंड आहे." कोपऱ्यात बर्तोचा कॅमेरा चालू होता. त्यानं तो बंद केला नाही. मुद्दाम केला नाही की नेहमीच्या वेडसरपणानं राहिला, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही, आणि आता तर बर्तोच राहिला नव्हता.

मयताच्या घरून कुणी थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, चहा घ्यायचा, नूडल्स खायच्या, म्हणजे मेलेला वाट चुकतो आणि मागून येत नाही. रियालिनला ते ठाऊक होतं, तिनं कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानाकडे बोट दाखवलं. नोरिंगनं तिचा हात घट्ट धरला आणि सरळ घराकडे चालू लागली. "नानाय, तो येईल ना मागून!" पोर रडकुंडीला आली. "येऊ दे," नोरिंग म्हणाली. "यायचं असेल तर येऊ दे." त्या आठवड्यात गुरुवारी तिनं पपई घालून कोंबडी शिजवली आणि एक ताट जास्त वाढलं. कोण येतंय!

पण आलाच तो. बारा दिवसांनी बर्तो सात कॅसेटी टेबलावर ठेवून गेला, आणि त्यांच्या मागोमाग छत्री मिटत, काळ्या कपड्यांत, खुद्द सोब्रेवेगाची बायको. शहरात दुसरी दुकानं नव्हती का? होती की, चांगली एसीची होती. बाई याच खुर्चीत बसली. पाच कॉप्या म्हणाली, दोन टोरांटोला. "आणि नोरिंग, घरच्यांशिवाय कुणी दिसायला नको. कळलं ना?" खाली चटईवर रियालिन गणितं करत होती. बाईनं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. "मोठी झाली गं," म्हणाली, आणि छत्री उघडून गेली. मोठी झाली? म्हणजे लहान कधी पाहिली होती हिनं?

नोरिंगनं ते काम टाळलं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. नऊ दिवसांचं काम तिनं चार दिवसांत केलं, आणि असं सुरेख केलं की बाईनं नंतर फळांची करंडी पाठवली. स्मशानातला भाग तिनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. पेटी खड्ड्यापाशी ठेवली आहे आणि सोब्रेवेगांची नातवंडं एकेक करून पेटीवरून पलीकडे दिली जात आहेत, या काकाच्या हातातून त्या काकाच्या हातात, म्हणजे मेलेल्यानं पुन्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये, झोपेत त्यांना हाक मारू नये. सहा पोरं. नोरिंगनं ती मोजली. माझीला कुणी उचललं नाही, तिला वाटलं. म्हणजे तिच्या वाटेला जायला त्याला मुभा आहे. त्या घरातून आपल्याला मिळालेली एवढी एकच गोष्ट, आणि तीही देणाऱ्यांच्या लक्षात न येता. ती त्या दिवशी पडद्यासमोर एकटीच मोठ्यानं हसली होती, त्या म्हातारीसारखी. मग तिनं तिसऱ्या दिवसाची कॅसेट लावली आणि स्वतःला कापलं. सत्तेचाळीस सेकंद. उरलेल्या फिल्ममध्ये एकाच ठिकाणी, कापल्यानंतरच्या पहिल्या क्षणात, पेटीच्या काचेत एका पोरीचा उलटा चेहरा तरळून जात होता. तिला तो दिसला. तिनं तो राहू दिला आणि पाच कॉप्या काढल्या.

"खाऊन घे," रियालिन म्हणाली. तिनं भात आणि मासा आणून कीबोर्डच्या शेजारी ठेवला, वर लिंबू पिळलेलं होतं. राग होता तरी मधला काटा काढला होता. "नानाय, ऐक माझं. तुझ्यासाठीच करतेय ना मी? तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, घरभाडं आहे. आणि हे सगळं कोण बघतं? अनोळखी लोकांचे नको असलेले तुकडे. त्यांनाच नको होते ते!"

"म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

नोरिंगनं मासा खाल्ला नाही. भीती वाटत होती तिला, खरोखरची. जहाजाचं खोटं सत्तावीस वर्षं चालवलं होतं. पोर म्हणाली, तू मला अख्ख्या गावासमोर खोटं पाडलंस, तर? उठून गेली, तर? पण चौकट पुन्हा आली असती, उद्या नाही तर परवा, आणि दर वेळी नोरिंग मासे धुवून वेळेवर बाहेर आली नसती. तिनं फोल्डर उघडलं, माशाच्या बोटानं दोनशे बारापर्यंत खाली गेली आणि दोनदा दाबलं.

कॅमेरा जरा हलत होता. पेटी, फुलं, पंखा. एक बाई, अठरा वर्षांनी तरुण, आणि मोठ्या पांढऱ्या बुटांतली पोर. पोर टाचा उंच करते, वाकते, काहीतरी बोलते. काचेवर तळवा ठेवते. पुन्हा काही बोलते. बाई तिला उचलून घेत नाही, नुसती उभी असते. मग दोघी चौकटीबाहेर जातात. पंखा फिरत राहतो.

खुर्चीच्या पाठीवर रियालिनचे हात होते, नोरिंगच्या मानेला त्यांची ऊब लागत होती.

"परत लाव," ती म्हणाली.

नोरिंगनं परत लावलं. मग तिसऱ्यांदा.

"ते बूट मला चावत होते," रियालिन म्हणाली. "मी तुला सांगितलंच नाही, तू आधीच रडवेली होतीस."

"मी रडवेली नव्हते."

"होतीस. आणि मला माहीत होतं, नानाय. तेव्हा नाही, नंतर. चौदाची असेन. जहाजावरचे बाप दोन वर्षांनी का होईना घरी येतात गं. चॉकलेटं घेऊन येतात. वर्गात सगळ्यांचे आले. माझाच समुद्र संपेना." तिनं नाक ओढलं. "वाटायचं, विचारलं तर तुला वाईट वाटेल."

"आणि मला वाटायचं, सांगितलं तर तुला."

"दोघी मूर्ख."

"आई मूर्ख असेल, पण तू कुणावर गेलीस?" नोरिंग म्हणाली, आणि मग तिला खरंच रडू आलं, ताटातल्या भातावर टिपं पडली, आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं माउस असा धरला, जणू कुणी तो हिसकावून घेणार होतं. तिनं 'उरलंसुरलं' बंद केलं. त्याच्या शेजारचं फोल्डर होतं 'पूर्ण'. बावीस वर्षांची सगळी तयार कामं, धुतलेली, चकचकीत, गाणी लावलेली. तीनशे ऐंशी जीबी. पुरानंतर लोक कॉपी मागायला येत म्हणून जपलेली. तिनं ते अख्खं निवडलं.

"नानाय, अगं थांब! तुझी चांगली कामं आहेत ती. गिऱ्हाईक आलं तर?"

"येऊ दे. त्यांच्या कॉप्या त्यांच्या घरी आहेत. टोरांटोत आहेत, दुबईत आहेत. कपाटात, टीव्हीखाली, भिंतीवर फोटो लावलेत मोठाले. त्यांना जागेची काय कमी? सगळं जग त्यांचंच आहे." तिचा आवाज चढला होता, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "ह्यांना कोण आहे? त्या झग्यातल्या पोराला कोण आहे? तो आईच्या मयताला आला होता, हे जगात कुठे आहे? इथं आहे. माझ्याकडे. आणि इथं राहणार. मी मेले तरी राहणार, ऐकतेस का?"

"गल्ली ऐकतेय," रियालिन म्हणाली.

चौकट आली. हे फोल्डर फार मोठं आहे, कायमचं काढून टाकायचं का? नोरिंगनं क्षणभरच विचार केला, तो काचेतल्या उलट्या चेहऱ्याचा. तो इथून जाणार होता. पण सोब्रेवेगांच्या पाचही घरांत तो होता, टीव्हीखालच्या खणांत, आणि तिथून त्याला काढायला त्यांना नोरिंगच लागली असती. तिनं 'हो' दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली. खालून लग्नं जात होती, केक जात होते, सोडलेली कबुतरं, पेटीभोवती रांगेनं उभी असलेली सगळी अधिकृत माणसं. कोपऱ्यातली, जागा दाखवणारी लाल रेघ निळी झाली. रियालिननं वाकून आकडा वाचला. जागा पुरून उरत होती.

"झालं तुझं?" नोरिंग म्हणाली. "आता माझं एक काम आहे. चष्मा दे."

चष्मा आला. तिनं पुन्हा 'उरलंसुरलं' उघडलं, दोनशे बारा नंबरावर गेली आणि नाव बदलायला घेतलं. आकडे पुसले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ती लिहू लागली. रियालिन, असं लिहिलं. मग गालेगो. रियालिन मागे उभी राहून बघत होती, तिला वाटलं असणार की संपलं, कारण तिचं नाव नेहमी तिथंच संपायचं. नोरिंगचं बोट थांबलं नाही. तिनं एक जागा सोडली आणि लिहिलं, सोब्रेवेगा.

"नानाय," रियालिन हळूच म्हणाली, "असं चालतं का?"

नोरिंगनं एंटर दाबलं. मगाचपासून प्रत्येक गोष्टीला नक्की का, कायमचं का, असं विचारणाऱ्या कॉम्प्युटरनं या वेळी काहीच विचारलं नाही. नाव घेतलं आणि ठेवून दिलं.